बोट घेतलीस, शाबास. आता कान इकडे कर

उभा राहा आधी. वय वाढलं, पोट सुटलं, गुऱ्हाळ टाकलंस, दारात दोन ट्रॅक्टर आले, सगळं मान्य. तरी माझ्यापुढे तू अजून शेवटच्या बाकावरचाच आहेस, आणि आज जे सांगणार आहे ते बसून ऐकण्यासारखं नाही.

बोट घेतलीस याचा मला राग नाही. वरवंडच्या माणसानं बोट घेऊ नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? खडकवासल्याच्या कालव्यावर वाढलेली माणसं आपण, पाण्याची हौस असायचीच. ती बोट आधी आपल्या व्हिक्टोरिया तलावात उतरवायचा तुझा बेत होता, तो चार जाणत्यांनी मोडला, तेही बरं झालं. ज्या पाण्यावर गावं आणि उसाचे फड जगतात, त्यात पेट्रोलचा तवंग सोडायचा हक्क तुला कुणी दिला नव्हता. मग तू ट्रॉलीवर बोट घालून सोलापूर रस्त्याने भिगवणकडे गेलास, उजनीच्या फुगवट्यावर. इथपर्यंतही माझी तक्रार नाही.

तक्रार ही, की पहिल्याच फेरीला तू बोटीत आठ माणसं भरलीस, आणि त्यातली चार शाळकरी पोरं. दोन भावाची, दोन शेजाऱ्याची. स्वतःची बायको, भाऊ आणि एक दोस्त वर. बोटीच्या आतल्या बाजूला पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे, तिच्यावर स्पष्ट लिहिलंय, पाच माणसं. तुला वाचता येतं, कारण मी शिकवलंय.

नवी गाडी आली की नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, हार घालायचा, आणि आळीतल्या पोरांना एक चक्कर मारून आणायची, ही आपली पद्धत. ट्रॅक्टरला ती खपते. ट्रॅक्टर बंद पडला तर जागेवर उभा राहतो, माणसं खाली उतरतात, चालत घरी येतात. बोट बंद पडली की ती तुझी राहत नाही, वाऱ्याची होते. तिला ब्रेक नाही, आणि उतरायला खाली काही नाही. एवढा साधा फरक तुझ्या डोक्यात शिरला नाही. बोटीला चाकं नाहीत म्हणून लिंबू तू इंजिनाच्या पंख्याला बांधलंस. बोटीतल्या सगळ्यात घातक वस्तूभोवती पोरांना टाळ्या वाजवत उभं केलंस आणि त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकलास. तो पाहूनच मी तुला बोलावणं धाडलं.

पुढचं तू मला सांगितलं नाहीस. शेजारच्या त्या सातवीतल्या पोरानं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज थरथरत होता. त्याच्याकडून सगळं क्रमानं काढून घेतलं. आता मी एकेक विचारतो, तू उत्तर दे.

बुच कुठे होतं?

बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, एक भोक असतं. बोट काठावर ओढली की आत साचलेलं पाणी त्यातून निघून जावं म्हणून ते ठेवलेलं असतं, आणि पाण्यात उतरवण्याआधी त्यात बुच घट्ट बसवायचं असतं. बोट विकणाऱ्यानं ते बुच पिशवीत घालून तुझ्या हातात दिलं होतं. ती पिशवी ट्रॉलीत राहिली. तुझं म्हणणं, एवढंसं भोक, त्यानं काय होतंय! तर मग पाटीवर लिहून घे. एक इंच व्यासाचं भोक, पाण्याच्या पातळीखाली वीतभर. वीतभर पाण्याच्या दाबानं त्यातून मिनिटाला तीसेक लिटर पाणी आत येतं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. दहा मिनिटांत तीनशे किलो, म्हणजे चार-पाच धट्टीकट्टी माणसं बोटीत जादा चढली, आणि तीही अशी की एका जागी बसणार नाहीत. बोट डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे धावणार आणि तिला आणखी कलवणार. आर्किमिडीजचं तत्त्व तू परीक्षेपुरतं पाठ केलंस. त्या दिवशी ते तुझ्या घोट्यापर्यंत आलं, तरी तू भावाला म्हणालास, ‘लाटेचं पाणी उडालंय.’

आणि हे पाणी सुरुवातीला का दिसलं नाही, तेही समजून घे. बोट पुढे पळत असते तेव्हा मागच्या भोकातून पाणी फारसं आत येत नाही, उलट कधी कधी आतलंच बाहेर ओढलं जातं. बोट थांबली की ते आत शिरतं. म्हणजे इंजिन चालू होतं तोवर तुझी चूक झाकली गेली, आणि इंजिन बंद पडलं त्या क्षणी उघडी पडली.

आता इंजिन का बंद पडलं, ते सांग. तू सगळ्यांना सांगत फिरतोयस की कंपनीचा माल खराब. माल चांगला आहे. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक लहानसा स्क्रू असतो, हवा आत जायला. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद ठेवतात, आणि इंजिन चालू करण्याआधी उघडतात. तू उघडला नाहीस. पेट्रोल ओढलं गेलं, त्याच्या जागी हवा येईना, टाकीत पोकळी झाली आणि काही मिनिटांत इंजिन गुदमरलं. नवशिक्याचं इंजिन पाण्याच्या मध्यावर जाऊन बंद पडतं, त्यामागे पुष्कळदा हा एवढाच स्क्रू असतो. इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं. पुस्तक कुठंय तुझं? प्लास्टिकमधून बाहेर तरी काढलंस का? त्यात हेही लिहिलेलं असतं की नवं इंजिन पहिले काही तास पूर्ण जोरात पळवायचं नसतं, त्याचे भाग एकमेकांवर बसू द्यायचे असतात. तू काठ सुटल्याबरोबर मूठ पिळून पूर्ण सोडलीस, कारण मागून दोस्त व्हिडिओ काढत होता.

इंजिन बंद पडल्यावर तुम्ही तिघं पुरुष काय केलंत? तिघंही उठून मागे गेलात, इंजिनात डोकावायला. मागे आधीच इंजिनाचं वजन. त्यावर तीन गडी. बोटीचं ढुंगण खाली बसलं, भोक आणखी खोल गेलं, पाण्याचा जोर आणखी वाढला. वर इंजिन चालू करायची दोरी ओढायला तू पाय फाकून उभा. उभ्या माणसाचा भार उंच जातो आणि भार जितका उंच तितकी बोट उलटायला सोपी. तुझ्यापेक्षा शहाणी ती पोरं. ती खाली बसून राहिली आणि पाण्याच्या बाटल्या कापून पाणी उपसायला लागली.

वल्ही? नव्हती. नांगर? नव्हता. एक वीस-तीस मीटर दोरी आणि तिच्या टोकाला काही तरी वजन, एवढं असतं तरी बोट जागेवर थांबली असती. तुझ्याकडे बोटीत काय होतं, ते पोरानं मोजून सांगितलं: एक ब्लूटूथचा स्पीकर, भेळेचं पार्सल, कलिंगड.

वेळ कुठली निवडलीस? एप्रिलच्या अखेरची, दुपारी चारनंतरची. अरे, तू शेतकऱ्याचं पोर. वळवाचं आभाळ कसं भरून येतं हे तुला कुणी शिकवायची गरज नाही. शेतात असतास तर कडब्यावर ताडपत्री टाकायला धावला असतास. तेच आभाळ पाण्यावरून पाहिलंस आणि म्हणालास, ‘फोटोला मस्त ढग आलेत.’ मोकळ्या पाण्यावरून वाऱ्याला जितकी लांब वाट मिळते तितकी लाट मोठी होते. आपल्या तलावावर जो वारा नुसत्या सुरकुत्या पाडतो, तोच उजनीच्या कित्येक किलोमीटर मोकळ्या पाटावर बोटीच्या काठावरून आत येणाऱ्या लाटा उठवतो.

उजनी म्हणजे काय हे तुला ठाऊक नाही असं कसं म्हणू? दौंडपर्यंत तिचा फुगवटा येतो. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं, सुमारे 117 टीएमसीचं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात. उन्हाळ्यात पाणी उतरतं तशी खाली गेलेली गावं वर येतात. पळसदेवचं जुनं मंदिर दिसायला लागतं तेव्हा लोक बघायला जातात. मंदिर दिसतं म्हणून बरं. पाण्याखाली हातभर राहिलेल्या भिंती, बाभळीची खोडं, विहिरींचे काठ दिसत नाहीत, आणि पंखा त्यांच्यावरच आपटतो. महिन्यापूर्वी जिथून बोट गेली तिथून आज जाईलच असं नाही. हे तिथल्या मासेमारी करणाऱ्याला ठाऊक असतं, नकाशाला ठाऊक नसतं. त्यांची जाळी कुठे लावलेली, जलपर्णी कुठल्या कोपऱ्यात साचलेली, हेही त्यांनाच ठाऊक. जलपर्णी इंजिनाच्या पाणी ओढायच्या तोंडात अडकली की इंजिन थंड करणारं पाणी थांबतं. इंजिनाच्या बाजूला पाण्याची बारीक धार पडत असते, ती मधूनमधून पाहायची, थांबली तर इंजिन बंद करायचं. तुला ती धार म्हणजे गळती वाटली आणि तू भावाला तिच्यावर बोट धरायला सांगितलंस! मी कपाळाला हात लावला.

काठावर चार माणसांना विचारलं असतंस तर हे सगळं फुकट कळलं असतं. पण मालकानं विचारायचं कसं?

आता जॅकेटचं. पाच जॅकेटं होती. पाचही सीटखाली, दुकानाच्या पिशवीत, गाठ मारलेली. ‘गरज पडली असती तर काढलीच असती’ असं तू म्हणालास. उलटलेल्या बोटीखालून, तोंडात पाणी, अंगावर ओले कपडे, शेजारी किंचाळणारं पोर, अशा वेळी तू पिशवीची गाठ सोडणार होतास? पाण्यात पडलेल्या मोठ्या माणसाचं डोकं वर राहायला तीन ते पाच किलोचा जादा आधार पुरतो. इतकं थोडं लागतं. जॅकेट त्याहून जास्त देतं, पण अंगात असेल तर. आणि मोठ्यांचं जॅकेट लहान पोराला घातलं तर पोर खालून निसटतं, म्हणून पोरांची जॅकेटं पोरांच्या मापाची आणि पायातून पट्टा असलेली लागतात. ती तू घेतलीच नव्हतीस. स्पीकर घेतलास.

तुला पोहता येतं, हे मला ठाऊक आहे. कालव्यात उड्या मारायचास म्हणून मीच तुला छडी दिली होती. तर ऐक. 21 मे 2024 ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे एक प्रवासी बोट निघाली. मधे उजनीचं पाणी, रस्त्यानं मोठा वळसा, म्हणून तिकडची माणसं रोज बोटीनंच ये-जा करत. ती हौसेला निघालेली नव्हती, घरी निघालेली होती. वादळी वारा आला, बोट उलटली. सात जणांतला एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यात नवरा-बायको आणि त्यांची दोन चिमुकली लेकरं. धरण तेव्हा मृतसाठ्यात उतरलेलं होतं, तरी एनडीआरएफच्या जवानांना बोट सापडली ती 35 फुटांवर. मृतदेह हाती लागायला दोन दिवस गेले. त्याआधी 2017 च्या एप्रिल अखेरीस, तुझ्याच महिन्यात, माळशिरस तालुक्यातले डॉक्टर याच उजनीत सहलीला गेले, बोट उलटली आणि त्यातले चौघं परत आले नाहीत. शिकलेली माणसं होती. पाणी कुणाची पदवी विचारत नाही, तुझा सात-बाराही विचारणार नव्हतं.

आणि इंजिनाचा रुबाब करतोस ना? 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालली होती आणि तिचा ताबा सुटला. 15 माणसं मेली. चालवणारे नौदलाचे होते, पाण्यावरच ज्यांची नोकरी. इंजिनाची चाचणी ही माणसांच्या गर्दीपासून लांब करायची गोष्ट आहे. तू तर माणसं बोटीत भरूनच चाचणीला निघालास. तुझी ती फेरी चाचणीच होती, दुसरं काय?

ती लाल गुंडाळीची दोरी आठवते? जिच्या टोकाला चिमटा असतो? ती तू हाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली होतीस. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला लावायची. चालवणारा पाण्यात फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. दोरी नसेल तर सुकाणू सुटलेली बोट बहुधा गोल फिरत त्याच माणसावर येते, पंख्यासकट. तुझ्या व्हिडिओत तू उभा राहून एका हातानं दांडा धरलायस आणि दुसऱ्या हातानं गॉगल सारखा करतोयस.

रोहित पक्ष्यांच्या थव्यात बोट घातलीस, तेही दिसलं मला. भिगवण-कुंभारगावचे नावाडी पर्यटकांना पक्षी दाखवतात तेव्हा इंजिन बंद करतात, बांबूनं बोट ढकलत हळूच जातात आणि लांब थांबतात. त्यांचं पोट त्या पक्ष्यांवर आहे. तू दहा सेकंदांच्या रीलसाठी हजार पंख उधळलेस. त्यावर अधिक बोलत नाही, लाज वाटते.

कागदपत्रांचंही एकदाच बोलतो. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 साली अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी लागते, तपासणीचा दाखला लागतो. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, तिथली परवानगी वेगळी. ‘तिथं कोण बघतंय’ हे तुझं उत्तर मला ठाऊक आहे. हेल्मेटच्या वेळीही तू हेच म्हणायचास.

आता त्या माणसाकडे येतो, ज्यानं तुम्हाला काढलं. जाळी सोडायला निघालेला, साधी पत्र्याची होडी. तुमचा आरडाओरडा ऐकून आला. आल्या आल्या त्यानं इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटीत वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘मालक, बुच कुठंय?’ तुला तो शब्द कळला नाही. त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, पिळून त्या भोकात कोंबला, पोरांना आधी आपल्या होडीत घेतलं, तुम्हा मोठ्यांना खाली बसवलं आणि दोरी बांधून ओढत काठाला आणलं. काठावर तू त्याला पाचशेची नोट दाखवलीस. त्यानं ती घेतली नाही. टॉवेल मात्र तुझ्या बोटीतच राहिला. त्याचं नाव काय? बघ, तुला ठाऊक नाही. चार पोरांचा जीव वाचवणाऱ्याचं नावही तू विचारलं नाहीस, आणि घरी येऊन सांगितलंस की इंजिनात किरकोळ बिघाड झाला, म्हणून यायला उशीर झाला.

तुकोबांची पालखी दर वर्षी आपल्या गावात मुक्कामाला असते. गाथा तरली म्हणून तुझी बोटही तरेल, असा तुझा समज झाला असेल तर तो काढून टाक. तुकोबांची पुण्याई तुकोबांची.

चूक झाली याचा मला संताप नाही. बुच विसरतं, स्क्रू विसरतो, नव्या माणसाकडून हे होणारच. म्हणूनच पहिल्या फेरीला दुसऱ्याची लेकरं न्यायची नसतात. पहिली फेरी एकट्यानं, फार तर सोबत एक जाणता माणूस, काठापासून हाक मारण्याइतक्या अंतरावर, सकाळी वारा पडलेला असताना, अंगात जॅकेट घालून. चूक व्हायचीच असेल तर ती तुझ्या एकट्याच्या जिवावर, कमरेएवढ्या पाण्यात व्हावी. मालकी तुला दुकानात पैसे मोजून मिळाली. दुसऱ्याचं पोर बोटीत बसवायचा अधिकार पैसे मोजून मिळत नाही, आणि तुझ्याकडे तो अजून नाही.

आता काय करायचं ते ऐक. बोटीची चावी आणि ती लाल दोरी आज संध्याकाळपर्यंत तुझ्या आईच्या हातात द्यायची. मग शेजाऱ्याच्या घरी जायचं, दोघा नवरा-बायकोला समोर बसवून त्या दिवशी खरं काय झालं ते तुझ्या तोंडानं सांगायचं. त्यांनी शिव्या दिल्या तर मान खाली घालून ऐकायच्या. ते स्टेटस काढायचं. रविवारी एकट्यानं भिगवणला जायचं, त्या माणसाला शोधायचं, नाव विचारायचं, त्याचा टॉवेल धुऊन परत द्यायचा, आणि बोट चालवायला शिकवाल का म्हणून हात जोडून विचारायचं. तो सांगेल तितक्या सकाळी त्याच्याबरोबर जायचं आणि तो म्हणेल तेव्हाच दांड्याला हात लावायचा. नोंदणीचे कागद, पोरांच्या मापाची जॅकेटं, वल्ही, नांगर आणि बुच, एक नव्हे दोन, हे सगळं माझ्या ओसरीवर आणून दाखवायचं. तोवर बोट ट्रॉलीवरून खाली उतरणार नाही.

जा आता. शेजाऱ्याकडे आधी.